तात्यांच्या तांब्यातलं दूध

कराड तालुक्यातल्या, कोयनाकाठच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. वय 39. घरात सासू-सासरे, नवरा, दोन मुलं, गोठ्यात तीन म्हशी. सासऱ्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. ते 66 वर्षांचे, वजन 58 किलो, माळकरी. 16 वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढणारा घटक) 2.1 आणि पोटॅशियम 5.3 निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, किडनीचं पथ्य पाळा, दूधदुभतं कमी करा. पुण्यातल्या दिरांनी फोनवरून दूध पूर्ण बंद करायला लावलं. दोन महिन्यांपूर्वी गावी आले तेव्हा घरातलं मीठ बदलून कमी सोडियमचं आणून ठेवलं. सासूबाईंचं म्हणणं असं की जन्मभर दुधावर वाढलेल्या माणसाचं दूध तोडलं तर अंगात ताकद कुठून येणार, म्हणून त्या रात्री गुपचूप साय घातलेलं पेलाभर दूध देतात. शेजारी म्हणतात, म्हशीचं सोडा, देशी गाईचं चालतं. भेटायला येणारे शहाळी आणतात. आणि तात्या पहाटे धार काढताना गोठ्यातच तांब्याभर कच्चं दूध पितात आणि तांब्या वैरणीच्या मागे ठेवतात. गेल्या आठवड्यात तो तांब्या सुनेच्या हाती लागला. बोलाचाली झाली, तात्या दोन दिवस जेवले नाहीत. ताई लिहितात, "पथ्य मोडलं की सगळे माझ्याकडे बघतात. मीही आता दूध घेत नाही, त्यांच्यासमोर बरं वाटत नाही. दूध द्यायचं की बंद करायचं, एकदाच काय ते सांगा."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुधाबद्दल सविस्तर लिहिणारच आहे. पण पत्रात ओघात आलेल्या एका वाक्यापाशी आधी थांबते, कारण ते काम आजच व्हायला हवं. ते नवीन मीठ.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. पिशवी उलटून बघा, बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. नुसत्या रक्तदाबाच्या माणसाला ते उपयोगी पडू शकतं. पण ज्याची किडनी अर्ध्याहून कमी काम करते आणि ज्याचं पोटॅशियम आधीच 5.3 आहे, त्याच्या ताटात ते जाता कामा नये. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं लागतं. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा त्याआधी अंगाला काहीच जाणवत नाही. तात्यांचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा, मीठ त्यानंतर आलेलं. म्हणजे आज आकडा किती आहे ते घरात कुणालाच माहीत नाही. ते मीठ आजच बाजूला ठेवा, साधं मीठ आणा, तेही हात आखडून वापरा, आणि याच आठवड्यात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या. सैंधव किंवा काळं मीठ हा त्यावरचा तोडगा नाही, त्यातही मुख्यतः सोडियमच असतं. भाऊजींनी हे मायेपोटीच आणलं, त्यांना तसंच सांगा. दोष द्यायला फोन करू नका.

शहाळ्याचंही तेच. 100 मिलिलीटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका मोठ्या शहाळ्यातून जवळपास अर्धा लिटर दुधाइतकं पोटॅशियम पोटात जातं. घरात दुधावरून भांडण चाललंय आणि दारातून शहाळी आत येतायत. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं ही आपल्याकडची रीत चांगली आहे, पण या आजारात नको. येणाऱ्यांना मोकळेपणाने सांगा, नाहीतर नातवंडांना प्यायला द्या.

आता दूध. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे डॉक्टर म्हणाले 'कमी करा'. भाऊजींपर्यंत पोचताना त्याचं 'बंद करा' झालं, सासूबाईंनी ऐकलं 'उपाशी ठेवा', आणि तुमच्या वाट्याला आली राखण. मूळ शब्द 'कमी' होता. किती कमी, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि सगळा गुंता तिथे झाला. म्हणून तुमच्या 'द्यायचं की बंद करायचं' या प्रश्नाचं उत्तर मी त्या शब्दांत देणार नाही. आपण हिशेब मांडू.

66 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 2.1 असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण 34 च्या आसपास निघते. हा तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध. डायलिसिस नसलेल्या अशा माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिनं सांगतात. 58 किलोला झाली 46 ग्रॅम. आता तात्यांच्या पोटात दूध किती जातं ते बघा: पहाटेचा तांब्या अर्धा लिटर धरा, रात्रीचा पेला पाव लिटर, आणि चार चहांचं मिळून आणखी जवळजवळ पाव लिटर. झालं लिटरभर. 100 मिलिलीटर म्हशीच्या दुधात साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं, म्हणजे नुसत्या दुधातून 35 ते 40 ग्रॅम. त्यावर चार भाकऱ्यांची वीस-बावीस आणि वरणाची सहा. तात्या अजिबात 'उपाशी' नाहीत, त्यांच्या किडनीवर रोज जवळजवळ दीडपट ओझं पडतंय. सासूबाईंना हे आकडे जरूर दाखवा. ताकदीसाठी जे लागतं ते त्यांना पुरून उरतंय.

पण तेवढ्याच ठामपणे मी भाऊजींशीही असहमत आहे. तात्या माळकरी आहेत. अंडं नाही, मासा नाही. त्यांच्या ताटात उत्तम प्रतीचं प्रथिन येतं ते दुधातूनच. ते पूर्ण तोडलं तर उरतात भाकरी आणि डाळ. डाळ कितीही वाढवायची म्हटली तरी तिच्यातही पोटॅशियम आहेच. किडनीच्या जुनाट आजारात पथ्याच्या धाकाने माणसं इतकं कमी खातात की मांड्या-दंड सुकून जातात, आणि मग डॉक्टरांना आजाराबरोबर कुपोषणाशीही झगडावं लागतं. माझ्या आईच्या बाबतीत मी हेच केलं होतं. दूध, दही, डाळ, सगळं एका दिवसात बंद. चार महिन्यांत तिचं वजन सहा किलोने उतरलं. मी समजत होते की मी तिला जपतेय. ती चूक मी अजून विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: बंद करू नका, मापात आणा.

माप कसं? दिवसाचं सगळं मिळून 200 ते 250 मिलिलीटर दूध, चहाचं त्यातच धरून. सकाळ-संध्याकाळच्या दोन चहांना मिळून 100, आणि रात्री 100 ते 150 चा छोटा कप. त्यातून आठ-दहा ग्रॅम प्रथिनं आली. चार भाकऱ्या, वाटीभर वरण, थोडी भाजी, मूठभर भात धरला की तात्यांचे 46 ग्रॅम जवळपास जुळतात. हा माझा अंदाज. ताज्या रिपोर्टात पोटॅशियम किंवा फॉस्फरस (दुधातला हा क्षारही किडनी कमी चालली की रक्तात साठतो) वर असेल तर डॉक्टर हे माप आणखी खाली आणतील. रिपोर्ट बरा असेल आणि वजन उतरत असेल तर कदाचित वाढवतीलही.

दही-ताकाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं तुमची सोडवणूक तिथेच आहे. पेलाभर पातळ ताकात दही फार तर दोन-तीन मोठे चमचे, बाकी पाणी. तोंडाला दुधदुभत्याची चव येते, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि पोटॅशियम-फॉस्फरस दुधाच्या पेल्याच्या मानाने थोडं. मीठ मात्र घालू नका. भाजलेल्या जिऱ्याची पूड, आलं, कोथिंबिरीची चार पानं पुरतात. पायांवर सूज असेल तर पाण्याचं मापही डॉक्टरांना विचारून ठेवा, ताकातलं पाणी त्यातच मोजायचं. ज्या दुपारी ताक, त्या रात्रीचा कप थोडा लहान.

सायीबद्दल एक गैरसमज घरोघरी दिसतो. साय काढली की दूध 'हलकं' झालं असं आपण मानतो. हृदयासाठी आणि वजनासाठी ते खरं आहे, म्हशीच्या दुधात 6 ते 8 टक्के फॅट असतं. पण प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस हे सगळं खालच्या दुधातच राहतं. किडनीच्या हिशेबात साय काढलेलं आणि न काढलेलं दूध सारखंच. उलट तुपात प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस नावालासुद्धा नसतात. म्हणजे भातावर चमचाभर तूप हे किडनीवर ओझं नव्हे. मधुमेहामुळे हृदय सांभाळायचं आहे, म्हणून चमचाभरच. सासूबाईंच्या हाताला प्रेमाने वाढायला काहीतरी हवं असेल तर तो चमचा त्यांच्या हाती द्या.

गाईचं की म्हशीचं? गाईच्या दुधात प्रथिनं आणि फॅट कमी असतात, त्यामुळे त्याच मापात ओझं थोडं कमी होतं, एवढंच. 'देशी' या शब्दाने किडनीला काही फरक पडत नाही. ए-टू म्हणून जे महाग विकलं जातं त्याचं म्हणाल तर म्हशीच्या दुधातलं बीटा-केसीन हे प्रथिनही ए-टू प्रकारचंच असतं. दारात तीन म्हशी असताना जास्त पैसे मोजून गाईचं दूध लावायची गरज मला दिसत नाही. बदामाच्या दुधाचंही कुणी सुचवेल. त्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, म्हणजे तात्यांना जे हवं तेच त्यात नाही.

पेढा, बासुंदी, खवा यांच्यापासून मात्र लांबच राहायचं. म्हशीच्या एक लिटर दुधाचा खवा 200 ग्रॅमच्या थोडा वर पडतो. दुधात जे काही आहे ते पाचपट दाट होऊन त्यात उतरतं, वर साखर. साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढा वर्ज्य म्हणणं मला जड जातं. बारशाला, साखरपुड्याला, नातवाच्या निकालाला पेढाच येतो. वर्षातून एखाद्या सणाला अर्धा, आणि त्या दिवशी रात्रीचं दूध नाही, इतपत सूट मी देईन. गुळाचं तर त्याहून स्पष्ट सांगते. ऊसपट्ट्यातली माणसं म्हणतात की साखर नको, पण गुळाचा चहा चालतो. साखर दोघांनीही चढते, आणि गुळात वरून पोटॅशियमही असतं. खरं तर मधुमेहाच्या बाजूने बघितलं तर दुधापेक्षा चहातला गोडवा जास्त त्रासाचा. 200 मिलिलीटर दुधातून दहाएक ग्रॅम साखर येते, ती लॅक्टोज असते आणि हळूहळू चढते. चार कपांतली आठ चमचे साखर तशी नसते.

एकादशीचा विचार तुमच्या घरात कुणी केलाय का? महिन्यातून दोनदा हे सगळं गणित मोडत असणार. केळी, रताळं, बटाटा, शेंगदाण्याची आमटी आणि दूध, सगळं पोटॅशियमचं, शिवाय मधुमेहाची गोळी. उपास मोडायला मी सांगणार नाही. वारीला जाणाऱ्या माणसाला ते सांगायचा अधिकार माझा नाही. भगर आणि बिनमिठाचं पातळ ताक एवढ्यावर तात्यांची एकादशी होऊ शकते. त्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, साखर एकदम उतरली तर त्रास होतो.

आता तो तांब्या. त्याला माझी पहिली हरकत मापाची नाही, ते दूध कच्चं आहे याची आहे. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्या भागात फार. कोल्हापुरात तर कट्ट्यावर उभं राहून पितात. पण जनावराला ब्रुसेला किंवा क्षयाचा जंतू असेल तर तो कच्च्या दुधातून माणसात येतो. राहून राहून ताप, घाम, सांधे धरणं, महिनोन्‌महिने चालतं ते. मधुमेह आणि किडनी दोन्ही असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच उणी. म्हैस दिसायला धडधाकट असली तरी भरवसा धरू नये. दूध उकळलेलंच, आणि हे घरातल्या पोरांनाही लागू.

पण ताई, तांब्या वैरणीमागे का गेला, याचा विचार आपण करायला हवा. तात्या पहाटे उठून धार काढतात, डेअरीला घालतात, फॅट किती लागलं ते बघतात, दहा दिवसांचं बिल बघून पेंड कमी-जास्त करतात. चाळीस-पन्नास वर्षं या घरात दूध त्यांच्या हाताने आलं. त्यांनाच आता त्यातला घोट मागून घ्यावा लागतोय, आणि मागितला तर मिळत नाही. चोरून पिणं मला यात दिसत नाही. आपल्याच गोठ्यातली आपली जागा ते धरून ठेवतायत. दोन दिवस ते जेवले नाहीत ते दुधासाठी नसावं. सुनेच्या देखत पकडले गेलो, हे त्यांना लागलं असेल.

म्हणून माप त्यांच्याच हाती द्या. आकड्यांची भाषा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते. क्रिएटिनिन म्हणजे काय ते डॉक्टरी शब्दांत सांगू नका. म्हणा, "तात्या, डेअरीची चिठ्ठी असते ना फॅट-एसएनएफची, तशी ही तुमच्या रक्ताची चिठ्ठी. पोटॅशियम पाचाच्या खाली यायला हवं." घरात दूध मोजायचं माप असेलच, ते त्यांच्यासाठी वेगळं ठेवा. रोज सकाळी तापलेल्या दुधातून त्यांचं पाव लिटर त्यांनीच मोजून बाजूला काढायचं आणि दिवसभर कसं पुरवायचं ते त्यांनी ठरवायचं. एखाद्या दिवशी संध्याकाळचा चहा सोडून रात्री मोठा कप घ्यावासा वाटला तर घेऊ द्या. नातवाच्या वहीत तारीख, दूध, वजन आणि सकाळची साखर, एवढंच लिहायचं. वजन आठवड्यातून एकदा. उतरत चाललं तर डॉक्टरांना कळवा, चार दिवसांत एकदम चढलं तर सूज असू शकते, तेही कळवा.

पुढच्या तपासणीला तुम्ही एकट्या जाऊ नका. नवरा आणि सासूबाई दोघंही हवेत, भाऊजींना त्या वेळी फोनवर घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचारा: दिवसाला दूध किती, पोटॅशियम-फॉस्फरसवर आत्ता बंधन हवं का, आणि लघवीतून प्रथिनं जातायत का. उत्तर कागदावर लिहून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम थोडं वाढतं, पण त्याच गोळ्या किडनीलाही जपतात, म्हणून मनाने बंद करू नका. गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि एक लक्षात असू द्या, आज ठरलेलं माप कायमचं नसतं. पुढे कधी डायलिसिसची वेळ आली तर गणित उलटतं. तेव्हा प्रथिनं वाढवायला सांगतात, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, आणि लक्ष फॉस्फरस आणि पाण्यावर जातं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठी थोडं. तात्यांचं पथ्य त्यांच्या किडनीचं आहे, ते उचलून दुसऱ्या आजाराला लावू नका. मुतखडा झाला की 'कॅल्शियम नको' म्हणून दूध तोडतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात, जो सर्वांत जास्त आढळतो, जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, त्यामुळे दूध-दही तोडणं उलटं पडू शकतं. संधिवातासाठी स्टिरॉइड चालू असलेल्या बायका कुणाच्या तरी सांगण्यावरून दूध सोडतात. स्टिरॉइडने हाडं आधीच ठिसूळ होत असतात, त्यांना कॅल्शियम हवंच असतं. थायरॉईडची गोळी दुधाच्या चहाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास थांबावं. दूध प्यायलं की पोट फुगत असेल तर दही-ताक सोसतं का बघावं, त्यात लॅक्टोज कमी असतं.

शेवटी तुम्ही. दूध सोडल्याचं तुम्ही अगदी एका ओळीत लिहिलंत. 39 व्या वर्षी तुम्हाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर 1200. दोन पेले दुधातून त्यातलं निम्म्याच्या आसपास येतं, एरवी नाचणी आणि तिळावर भर द्यावा लागतो. तात्यांच्या किडनीला तुमच्या न पिण्याने काही आराम पडत नाही. त्यांना वाईट वाटेल ही तुमची भीती मी समजू शकते, पण माप त्यांच्या हाती आलं की तुमचा कप त्यांना खुपणार नाही असं मला वाटतं. रात्री एकाच पातेल्यात तापवा. तात्यांचं मोजून त्यांना द्या, आणि तुमचा पेला भरून तिथेच चुलीपाशी बसून प्या.